खाडाखोड नसलेली वही : तीन विषय राहिलेल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गणित आणि संख्याशास्त्र शिकवतो. हे प्रकरण सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत, काही बदललेत. वर्गात त्याला सगळे 'वहीवाला' म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो.

वहीवाला यावल तालुक्यातून रोज एसटीने यायचा. घरी केळीची बाग, वडील शेती बघणारे, धाकटी बहीण बारावीला. हिवाळी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा त्याचे तीन विषय बॅक राहिले होते : संख्याशास्त्र, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स आणि स्ट्रक्चर. साठपैकी अनुक्रमे १४, २१ आणि १७. पास व्हायला २४ लागतात.

मुलगा उनाड असता तर हे लिहायची वेळच आली नसती. तो पहिल्या बाकावर बसायचा आणि एकही तास चुकवत नव्हता. निकालानंतर आठवड्याभरात वडील कॉलेजात आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "सर, पोरगा रातच्या एक-एक वाजेपर्यंत लिहितच राह्यते. मंग नापास कसा होते?"

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघतो," एवढंच म्हणालो.

अडचण

दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्या वह्या घेऊन बोलावलं. सात जाडजूड रजिस्टरं निघाली. उदाहरणं मोजली तर चारशेच्या वर गेली. प्रत्येक धड्याला वेगळं पान, वर लाल शाईत धड्याचं नाव, खाली निळ्या शाईत उदाहरण, शेवटी चौकटीत उत्तर. अक्षर असं की विभागातल्या बाईंनी ती वही दुसऱ्या मुलांना दाखवायला मागून नेली होती.

मी पानं उलटत गेलो आणि पंधरा-वीस मिनिटांनी लक्षात आलं की या चारशे उदाहरणांत एकही ओळ खोडलेली नाही. मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण टी टेस्टचं (लहान नमुन्यावरून सरासरी तपासण्याचं) उदाहरण पहिल्या फटक्यात, एकही आकडा न खोडता सुटलेलं माझ्याही वहीत फार वेळा सापडणार नाही.

विचारल्यावर त्याने लपवलं नाही. उदाहरण घ्यायचं, मोबाईलने फोटो काढायचा, अॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं, ते वाचायचं, प्रत्येक पायरी समजली की वहीत उतरवायचं. अॅप नसेल तेव्हा गाईड. "कॉपी नाही सर, समजून लिहितो. प्रत्येक ओळ समजते मला." आणि ते खरंही होतं. कोणत्याही पानावर बोट ठेवून विचारलं, ही पायरी कशी आली, तर बरोबर सांगायचा.

मग मी त्याच्याच तिसऱ्या रजिस्टरमधलं, त्याने दोनदा लिहिलेलं एक उदाहरण कोऱ्या कागदावर उतरवून दिलं. आकडे तेच ठेवले, फक्त वरचं धड्याचं नाव लिहिलं नाही. दहा मिनिटं कागद तसाच राहिला. शेवटी त्याने मान वर केली, "सर, हे कोणत्या चॅप्टरचं आहे?"

अडचण इथेच होती. चारशे उदाहरणांत कोणती पद्धत लावायची हा निर्णय त्याने एकदाही घेतला नव्हता. तो निर्णय पानावरच्या लाल शाईने आधीच घेऊन ठेवलेला असायचा. परीक्षेच्या पेपरात लाल शाई नसते.

समोर असलेले पर्याय

विभागात बसून आम्ही तिघे यावर बोललो. सगळ्यात सोपा पर्याय होता आयएमपी प्रश्नांचा. मागच्या पाच-सहा पेपरांतले प्रश्न काढायचे आणि घोटून घ्यायचे. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, पोराला पास व्हायचंय, गणिती व्हायचं नाही. यात तथ्य होतं, आणि मी तो पर्याय एका बैठकीत निकालात काढला नाही. पण ज्या मुलाने चारशे उदाहरणं घोटलीत त्याला आणखी पन्नास घोटायला लावून काय वेगळं घडणार होतं?

दुसरा पर्याय जळगावातल्या खासगी क्लासचा. वडिलांची तयारी होती, पैसे मात्र केळीची पुढची कापणी झाल्यावर. शिवाय क्लासातही धड्यावार शिकवतात.

तिसरा पर्याय, दोनच विषयांवर जोर द्यायचा आणि स्ट्रक्चर पुढच्या परीक्षेवर सोडायचं. हा व्यवहारी होता. मुलगाच तयार झाला नाही. आता वाटतं, त्याचं ऐकायला नको होतं किंवा नीट तरी ऐकायला हवं होतं. त्याबद्दल पुढे.

चौथा पर्याय माझा : उदाहरणं तीच, पण धडे मोडून सगळी एकत्र मिसळायची. हातात फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिने होते.

काय केलं

त्याने रजिस्टरांतली दीडशे उदाहरणं निवडून चिठ्ठ्यांवर उतरवली. कागद म्हणून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या. पाठ कोरी असते आणि पुठ्ठा टिकतो. तीनही विषयांच्या चिठ्ठ्या मिठाईच्या एका रिकाम्या डब्यात. चिठ्ठीवर ना विषय, ना धडा. रोज पाचच्या तासानंतर डबा हलवायचा आणि तीन चिठ्ठ्या काढायच्या.

चिठ्ठी हातात आली की कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी पाच ओळी लिहायच्या. काय दिलंय, एककांसह. काय विचारलंय. एक आकृती, कच्ची चालेल. कोणती पद्धत आणि का. आणि शेवटची ओळ, उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज. या शेवटच्या ओळीवर तो सगळ्यात जास्त चिडायचा. "उत्तर माहीत असतं तर सोडवलं कशाला असतं?"

मोबाईलचं काय करायचं, हा पहिला खरा निर्णय होता. सहकाऱ्यांचं मत बंदीचं. मी बंदी घातली नाही, कारण रात्री घरी तो काय करतो ते मला दिसणार नव्हतं, आणि पाळता न येणारा नियम करून मुलाला खोटं बोलायला शिकवण्यात अर्थ नाही. अट घातली : पाच ओळी पेनाने लिहून झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि काढल्यावर फक्त शेवटचं उत्तर बघायचं. जुळलं नाही तर पंधरा मिनिटं स्वतःची चूक शोधायची, मग पायऱ्या उघडायच्या. यातून एक अनपेक्षित फायदा झाला. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरायचा आहे, असं स्पष्ट लिहिलेल्या एका उदाहरणात अॅपने हप्ता महिन्याअखेरचा धरला होता. वहीवाल्याचं उत्तर बरोबर होतं आणि मोबाईलचं चूक. तो कागद त्याने घडी करून पाकिटात ठेवला.

दुसरा निर्णय जास्त वादाचा. पहिले दोन आठवडे मी आकडेमोड पूर्ण बंद ठेवली. फक्त पाच ओळी, मग पुढची चिठ्ठी. पहिल्या दिवशी तीन चिठ्ठ्यांना दीड तास लागला आणि तिन्ही पद्धती चुकल्या. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. पाचव्या दिवशी आला, शेवटची एसटी चुकवून बसला आणि सात चिठ्ठ्या केल्या. त्यातल्या चार बरोबर.

घडांची चिठ्ठी

मी डब्यात घातलेली एक चिठ्ठी सविस्तर सांगतो, कारण पेपरात मार्क नेमके कुठे जातात ते तिच्यात दिसतं. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून बांधलेले होते : बागेतून ९ घड घेतले, सरासरी वजन २२ किलो, नमुन्याचं प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) ३ किलो. आतापर्यंतची सरासरी २० किलो धरली जात होती. ५ टक्के पातळीवर तपासा.

आकडेमोड तोंडी होते. फरक २. तीन भागिले नऊचं वर्गमूळ, म्हणजे १. दोन भागिले एक, २. शाळेतलं पोरही काढेल.

पुढे गंमत आहे. झेडचा, म्हणजे मोठ्या नमुन्यांचा तक्ता लावला तर सीमा १.९६, आपले २ त्याच्या पलीकडे, म्हणजे फरक सार्थ, निव्वळ योगायोगाचा नाही असं मानायचं. पण नमुना फक्त ९ चा आणि विचलन नमुन्यातूनच काढलेलं, म्हणून टी लावायचं. ८ डिग्री ऑफ फ्रीडमला (नमुन्याच्या संख्येतून एक वजा) दुबाजू, म्हणजे वाढ आणि घट दोन्ही तपासणारी सीमा २.३०६, आता २ अलीकडेच राहतात, फरक सिद्ध होत नाही. आणि प्रश्नात वजन 'वाढलं आहे का' असं विचारलं असेल तर एकबाजू सीमा १.८६०, पुन्हा निकाल उलटा. दोनाचा आकडा एकच, पण वाचन बदललं की निकाल उलटतो.

वहीवाल्याने झेड लावलं. का, विचारलं तर म्हणाला, सूत्र तसंच दिसतं. तेव्हा मी त्याला विल्यम गॉसेटची गोष्ट सांगितली. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत काम करणारा हा माणूस. बार्लीच्या प्रयोगांत हाताशी मोजकेच नमुने असायचे आणि मोठ्या नमुन्यांचे नियम तिथे फसायचे. १९०८ मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख छापला, म्हणून आजही तिला स्टुडंट्स टी म्हणतात. वहीवाल्याला इतकी वर्षं वाटत होतं की ही विद्यार्थ्यांसाठीची सोपी आवृत्ती आहे म्हणून तिला स्टुडंट म्हणतात! बार्लीच्या जागी केळीचे घड ठेवल्यावर ९ आणि ९०० यांतला फरक त्याला सांगावा लागला नाही. नऊ घडांवरून व्यापाऱ्याला बागेचा भाव कुणी ठरवू देत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

याच चिठ्ठीवर माझीही चूक निघाली. त्याच्या बरोबर बसायला लागलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, यात नुसतं तपासा लिहिलंय. वाढलं का, की बदललं का?" मी चिठ्ठीत ते लिहिलंच नव्हतं. शिवाय आपल्याकडच्या काही पुस्तकांत विचलन काढताना एन (नमुन्याची संख्या) ने भागतात आणि मग सूत्रात एन वजा एकचं वर्गमूळ घेतात, तर काहींत उलट. दोन पुस्तकांची सरमिसळ झाली की उत्तर १.८९ येतं. त्या दिवसापासून चिठ्ठीवर 'एन वजा एक ने भागून काढलेलं' अशी ओळ वाढवली.

हप्त्याची चिठ्ठी

मार्चमध्ये हे निघालं : कर्ज १,००,००० रुपये, व्याज १२ टक्के, १२ मासिक हप्ते, हप्ता किती?

त्याने पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली आणि थांबला. "सर, फ्लॅट की रिड्युसिंग?"

गेल्या पाच आठवड्यांत त्याने उदाहरणालाच उलटा प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ. कुठून सुचलं, विचारलं तर कळलं की वडिलांनी मोटारीसाठी घेतलेल्या कर्जाच्या कागदावर 'फ्लॅट' असा शब्द होता आणि घरात कुणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता.

दोन्ही मांडले. रिड्युसिंग, म्हणजे शिल्लक मुद्दलावर महिना १ टक्का धरला तर हप्ता ८,८८५ रुपयांच्या आसपास, वर्षात साधारण ६,६१९ रुपये व्याज. फ्लॅट धरलं तर सरळ १२,००० व्याज, १,१२,००० भागिले १२, हप्ता ९,३३३. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. मग उलटा हिशेब : ९,३३३ च्या हप्त्याचा खरा दर किती? चाचपडत, १.७ टक्के, १.८ टक्के असं करत तो महिना सुमारे १.७९ टक्क्यांवर पोचला, म्हणजे वर्षाचे जवळपास साडेएकवीस टक्के. चक्रवाढ धरली तर पावणेचोवीसच्या घरात. त्या पानावर अकरा ठिकाणी खाडाखोड होती. मी मुद्दाम मोजली.

त्या रात्री त्याने घरी कागद काढून वडिलांना हिशेब दाखवला. इकॉनॉमिक्सची मला नंतर फारशी काळजी राहिली नाही.

निकाल

उन्हाळी परीक्षा मेमध्ये, पारा चव्वेचाळीसवर. संख्याशास्त्रात ३७, इकॉनॉमिक्समध्ये ४०. स्ट्रक्चरमध्ये २१, पुन्हा नापास.

पहिल्या दोन पेपरांत वेळही कमी पडला. संख्याशास्त्रात एक दहा मार्कांचा प्रश्न पाच ओळी लिहून तसाच राहिला. परीक्षकाने पद्धतीचे काही मार्क दिले असावेत.

स्ट्रक्चरचं कोडं सुटायला मला महिना लागला. दोष चिठ्ठ्यांचा, म्हणजे माझा होता. संख्याशास्त्राचं उदाहरण शब्दांत असतं. बीमच्या, म्हणजे तुळईच्या उदाहरणांवर मात्र आकृती छापलेली असते, आणि त्याने ती चिठ्ठीवर जशीच्या तशी काढली होती. डब्यातून चिठ्ठी निघाली की आकृती बघून त्याला लगेच कळायचं : दोन्हीकडे टेकलेला बीम, डब्ल्यू एल वर्ग (डब्ल्यू म्हणजे मीटरमागचा भार, एल म्हणजे लांबी) भागिले ८, एका टोकाला भिंतीत, दुसरं मोकळं, भागिले २. लाल शाईतलं धड्याचं नाव आम्ही काढून टाकलं, पण आकृतीने तेच काम गुपचूप चालू ठेवलं.

पेपरात प्रश्न शब्दांत आला. एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं खांबावर टेकलेलं, अंगभर सारखा भार. आकडे वेगळे होते. इथे ६ मीटर आणि मीटरला १० किलोन्यूटन धरू. त्याने दोन्हीकडे टेकलेला बीम काढला आणि मध्यभागी ४५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) लिहिलं. आता यात दुर्दैव असं की ४५ हा आकडा या बीमलाही येतो. पण तो मध्यभागी नाही, पक्क्या टोकाला येतो आणि उलट्या खुणेचा. खाली झुकवणारं जास्तीत जास्त मोमेंट जेमतेम २५.३ असतं, तेही टेकूपासून सव्वादोन मीटरवर. म्हणजे त्याने सळई बीमच्या चुकीच्या बाजूला घातली असती. पाचव्या ओळीतला अंदाजही इथे कामी आला नाही, कारण आकडा अंदाजाशी जुळतच होता.

अंदाजाची ओळ एकाच ठिकाणी कामी आली. २३० बाय ४५० मिलिमीटरच्या छेदाला त्याच ४५ च्या मोमेंटने ताण काढताना पूर्वी तो मीटरचे मिलिमीटर करायला विसरायचा आणि ५.८ च्या जागी ०.००५८ लिहून पुढे जायचा. पेपरात तसलाच आकडा आल्यावर तो थांबला आणि दुरुस्त केला, असं त्याने सांगितलं.

पुढच्या हिवाळी परीक्षेत स्ट्रक्चर सुटलं, ३३ मार्कांनी.

पुन्हा करायचं झालं तर

आकडेमोड दोन आठवडे बंद ठेवणं जास्त झालं. एक आठवडा पुरला असता. निर्णयाची सवय लागली, पण हात मंदावला आणि त्याचे दहा मार्क गेले. एप्रिलमध्ये घड्याळ लावून निदान चार पूर्ण पेपर घ्यायला हवे होते. मी दोनच घेतले, कारण डब्याचं काम चांगलं चाललंय म्हणून मी निवांत झालो होतो.

तीन विषय एकदम घेण्याबद्दल अजून माझं मत पक्कं होत नाही. स्ट्रक्चर सोडलं असतं तर बाकी दोन विषयांत पन्नाशीच्या जवळ गेला असता. पण मग चिठ्ठीवरच्या आकृतीची भानगड माझ्या लक्षात आली असती का, सांगता येत नाही. त्याने "तिन्ही करतो" म्हटलं तेव्हा का म्हणतोस, एवढं तरी विचारायचं होतं. पुढे कळलं की घरी त्याने एकच विषय राहिलाय असं सांगितलं होतं. मुलगा आणि वडील, दोघांशी मी बोललो होतो, पण दोघांना एकत्र बसवलं नव्हतं. तीन विषयांचा आकडा वडिलांसमोर आला तो थेट हप्त्याच्या हिशेबाच्या रात्री.

आणि वह्या. तीन सत्रं ती रजिस्टरं आमच्या हातांखालून गेली, नीटनेटकेपणाचे मार्क मिळाले, सह्या झाल्या. त्यातल्या काही सह्या माझ्या आहेत.

डबा आता विभागाच्या कपाटात असतो. बीमच्या अडतीस चिठ्ठ्या मी जूनमध्ये काढल्या, आकृत्यांचा भाग कात्रीने कापला आणि उरलेल्या अर्ध्या पत्रिकेवर भार, लांबी आणि टेकू शब्दांत लिहिले. दोन चिठ्ठ्यांवर मला स्वतःलाच आकृती आठवेना, त्या वहीवाल्याने लिहून दिल्या.